बेंजो (बुलबुलतरंग) वाजवणारी माणसे नेमकी कुठे भेटतात? सल्ला हवा आहे

सई_कोपरी

नमस्कार मंडळी,

माझे थोरले मामा परळच्या एका बेंजो पार्टीत, म्हणजे हळदी-मिरवणुकांत वाजवणाऱ्या पथकात, वीस-बावीस वर्षे बेंजो वाजवत असत. गेल्या वर्षी ते गेले, आणि घरात पेटी शिकलेली मी एकटीच असल्यामुळे मामींनी त्यांचे वाद्य माझ्या स्वाधीन केले. वाद्य तसे बऱ्या स्थितीत आहे. मात्र बाजूच्या दोन तारा तुटलेल्या आहेत, तीन-चार बटणे दाबल्यावर पुन्हा वर येत नाहीत आणि वीजजोडणी दिल्यावर सुरांच्या मागे सतत गुणगुण ऐकू येते. तुटलेल्या तारा कोणत्या स्वरात मिळवायच्या हे मामांनाच ठाऊक होते आणि मामींना ते सांगता येत नाही.

हे वाद्य वाजवणारी माणसे इंटरनेटवर शोधण्याचा मी दोन महिने प्रयत्न करत आहे. सुरुवातीला मी सरळ इंग्रजीत 'बँजो' असा शोध घेतला आणि मोठ्या आनंदाने एका परदेशी समूहात दाखल झाले. तेथील मंडळी अतिशय सौजन्यशील होती. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो चामडे किती ताणलेले आहे हा. माझ्या वाद्याला चामडेच नाही असे कळवल्यावर त्यांनी छायाचित्र मागितले, आणि छायाचित्र पाहून त्यांच्यापैकी एका गृहस्थांनी हा टंकयंत्राचा एखादा जुना प्रकार असावा असे प्रामाणिकपणे लिहिले. त्यानंतर मी मराठीतून शोध घेतला, तर २०१६ मध्ये मुंबईच्या बेंजो पार्टीवर आलेल्या हिंदी चित्रपटाची गाणी, परीक्षणे आणि नायकाच्या मुलाखती यांखेरीज फारसे काही हाती लागले नाही. एका समूहाचे नाव पाहून मोठी आशा वाटली होती. तेथे वाद्ये विकण्याच्या जाहिराती आणि सुप्रभातच्या शुभेच्छा एवढेच होते.

आपल्यापैकी कोणी असे कमी वाजवले जाणारे वाद्य शिकले असेल, तर त्या वाद्याची माणसे आपल्याला कशी सापडली हे कृपया सविस्तर लिहावे. शिकवणी लावण्याची माझी तयारी आहे, परंतु आधी चार वादकांशी बोलता आले तर बरे होईल.

अक्षरवेल्हाळ

सईताई, आपली निम्मी अडचण वाद्याच्या नावात दडलेली आहे, म्हणून थोडे मागे जाऊन लिहितो.

आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतील बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. त्या वाद्याला डफासारखे गोल, पडदा ताणलेले अंग आणि लांब मान असते. आपले वाद्य जपानमधील नागोया शहरात मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये तयार केले. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो कालखंड सुरू झाला, म्हणून त्याचे नाव 'ताइशोगोतो' पडले. 'कोतो' हे तेथील पारंपरिक तंतुवाद्य. लांबट पेटीवर तारा, तारांवर टंकयंत्रासारखी बटणे, आणि बटण दाबले की तार खालच्या पट्टीला टेकून ठरावीक स्वर निघतो, अशी त्याची रचना आहे. त्या परदेशी गृहस्थांना टंकयंत्र दिसले यात त्यांची फारशी चूक नाही. कल्पना तेथूनच आलेली आहे.

पुढे हे वाद्य जपानमधून बाहेर पडले आणि ज्या किनाऱ्याला लागले तेथे त्याचे नव्याने बारसे झाले. हिंदुस्थानात ते बुलबुलतरंग झाले, मुंबईत बेंजो झाले, बलुचिस्तानात आणि सिंधमध्ये 'बेंजू' झाले. मालदीवमध्ये त्याला 'कोट्टाफोशी' म्हणतात, तर फिजीतील भारतीय वंशाचे लोक 'मेंडोलिन' म्हणतात आणि खऱ्या मँडोलिनला 'तार मेंडोलिन' म्हणून वेगळे करतात. बाली बेटावर त्याचे नाव 'पेंटिंग' आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषकांच्या तारब संगीतात हेच वाद्य 'ताइशोकोतो' या जवळजवळ मूळ नावाने वाजते. युरोपात काही जण त्याला 'नागोया हार्प' म्हणतात. जर्मनीत 'जपान बँजो' हे नाव आढळते. डसेलडॉर्फच्या 'नॉय' या जोडगोळीच्या १९७२ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या श्रेयनामावलीत क्लाउस डिंगर यांच्या वाद्यांमध्ये ते असेच नोंदवलेले आहे.

ही यादी माहिती मिरवण्यासाठी दिलेली नाही. यातील प्रत्येक नावामागे वेगळी माणसे आहेत आणि त्यांना एकमेकांचा पत्ता बहुधा नसतो. 'जपान बँजो' असे शोधले तर प्रायोगिक संगीत करणारे युरोपीय तरुण सापडतील, ज्यांना राग ठाऊक नाही पण पिकअपमधील (तारांचा कंप पकडून ध्वनिवर्धकाकडे पाठवणाऱ्या भागातील) गुणगुण कशी घालवावी हे तोंडपाठ आहे. 'बेंजू' असे शोधले तर असे वादक सापडतील, ज्यांचा हात ऐकून आपल्याला स्वतःचे वाद्य नव्याने कळेल. 'इंडियन बँजो' आणि 'शाही बाजा' ही दोन नावे प्रामुख्याने निर्यात करणाऱ्या विक्रेत्यांची आहेत. ती घातलीत की दुकानेच दुकाने दिसतात, परंतु त्या दुकानांच्या पानांखाली ग्राहकांनी विचारलेले प्रश्न वाचण्यासारखे असतात. प्रश्न विचारणारा ग्राहक म्हणजे आपल्यासारखाच अडलेला वादक.

मराठीत शोधतानाही एकच लेखन घेऊन चालणार नाही. बेंजो, बेन्जो, बँजो, बॅन्जो अशी चारही रूपे लोक लिहितात, आणि बुलबुल तरंग हा शब्द कधी जोडून तर कधी तोडून लिहितात. नुसते वाद्याचे नाव घालण्याऐवजी ते जेथे वाजते तो प्रसंग सोबत घालावा: हळदी, मिरवणूक, कोळीगीत, कव्वाली. कव्वालीच्या पार्ट्यांमध्ये बेंजो अनेक वर्षे साथीला असे, आणि त्या जुन्या चित्रफितींखाली त्या वादकांचे शागीर्द आणि पुतणे आजही प्रतिक्रिया लिहीत असतात. चित्रपट गाळायचा असेल तर शोधशब्दांच्या शेवटी वजाचे चिन्ह देऊन लगेच नायकाचे नाव लिहावे. एवढ्यानेच बराच कचरा निघून जाईल.

खर्ज

विषय चांगला आहे, तरीही एक विरोधी मत नोंदवतो. बेंजोवर बटणाने स्वर ठरलेला असल्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, येत नाही. पेटीची मर्यादा इथेही आहे, शिवाय पेटीसारखा सूर धरून ठेवता येत नाही. आपण पेटी शिकलेल्या आहात, तर ती पुढे न्यावी. दुर्मीळ वाद्यांचे समूह मी बरेच पाहिले आहेत. मी स्वतः एकेकाळी दिलरुबा शिकत होतो, आणि दिलरुब्याच्या एका समूहात तीन वर्षे रोज गजाला कोणते राळ लावावे यावर वाद घालत होतो. त्या तीन वर्षांत माझा एक राग बसला नाही.

सई_कोपरी

खर्ज, आपला मुद्दा मान्य आहे आणि पेटी मी सोडणार नाही. परंतु मामांचे वाद्य कपाटावर ठेवून त्यावर धूळ बसू देणे मला जमणार नाही.

अक्षरवेल्हाळ, आपले अनेक आभार. 'मेंडोलिन' आणि फिजी हा दुवा माझ्या स्वप्नातही आला नसता. आज रात्री एकेक नाव घेऊन बसते.

लालबागचा_जुना_गडी

ताई, तुमच्या मामांच्याच काळात मीही पथकात होतो, बेंजोवर नव्हे, ताशावर. मला इंग्रजी समूहांतील काही कळत नाही, परंतु मुंबईतील बेंजोवाले कुठे असतात ते सांगू शकतो.

आमच्यातील माणसे स्वतःला 'संगीतकारांचा समूह' वगैरे म्हणवत नाहीत, त्यामुळे तसे शोधून ती मिळणार नाहीत. प्रत्येक पार्टीचे पान असते ते सुपारी, म्हणजे वाजवण्याचे काम, मिळवण्यासाठी. चित्रफितीच्या खाली पार्टीचे नाव, गाव आणि सुपारीसाठी संपर्क एवढेच लिहिलेले असते, आणि बाहेरच्या माणसाला ती जाहिरात वाटून तो पुढे जातो. खरे तर तोच दरवाजा आहे. फोन उचलणारा माणूस बहुधा पार्टीचा मालक असतो, वादक नव्हे. त्याला आधी सांगायचे की मला सुपारी द्यायची नाही, अमुक पार्टीतल्या अमुक मास्तरांची मी भाची आहे आणि तुमच्या बेंजोवाल्याशी दोन शब्द बोलायचे आहे. मामांचे नाव घेतल्याशिवाय फोन करू नका. या धंद्यात ओळख नावाने लागते.

वेळ सांभाळा. गोकुळाष्टमीच्या आधीचे पंधरा दिवस आणि तेथून अनंत चतुर्दशीपर्यंत कोणी तुमच्याशी बोलणार नाही, आणि बोललाच तर घाईत चुकीचे सांगेल. आषाढात तालमी चालू असतात, तेव्हा प्रत्यक्ष जाऊन बसलात तर कोणी उठवणार नाही. पितृपक्षात सुपाऱ्या नसतात, तेव्हा माणसे निवांत असतात. माझा अनुभव विचाराल तर पितृपक्ष सर्वांत उत्तम.

दुसरी गोष्ट म्हणजे हल्ली बऱ्याच पार्ट्यांत बेंजोच्या जागी कीबोर्ड आला आहे, नाव मात्र बेंजो पार्टीच राहिले आहे. चित्रफीत नीट पाहून, हातात खरोखर बटणांचे वाद्य असेल तरच फोन करा. आमच्या एका जुन्या बेंजोवाल्याचा क्रमांक खाली देत आहे.

*(क्रमांक काढून टाकला आहे. खासगी संपर्क उघड्या धाग्यावर देऊ नयेत. धागालेखिकेला व्यक्तिगत निरोपातून पाठवावा. — संपादक)*

लालबागचा_जुना_गडी

क्षमस्व. निरोपातून पाठवला आहे.

मुक्काम_नागोया

मी नोकरीनिमित्त नागोयात राहतो आणि हा धागा वाचून मला आश्चर्याचा धक्का बसला, कारण माझ्या घरासमोरच्या सामुदायिक केंद्रात दर गुरुवारी सकाळी ताइशोगोतोचा वर्ग भरतो. मी तो चार वर्षे खिडकीतून ऐकत आलो आहे आणि हे लहानपणी गिरगावात ऐकलेले वाद्य आहे हे माझ्या लक्षातच आले नाही. तेथे ते इतके सौम्य वाजवतात की कानाला ओळख पटत नाही.

काल मुद्दाम आत जाऊन बसलो. वर्गात चौदा जण होते आणि माझ्याखेरीज सगळे साठीच्या पुढचे. जपानमध्ये हे प्रामुख्याने निवृत्तीनंतर शिकण्याचे, एकत्र बसून वाजवण्याचे वाद्य आहे. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास असे त्याचे लहानमोठे प्रकार करून पंचवीस-तीस जणांचा वृंद बसवतात. या ज्येष्ठ मंडळींच्या वृंदांच्या चित्रफिती इंटरनेटवर पुष्कळ आहेत, परंतु त्यांची शीर्षके जपानी लिपीत असल्यामुळे आपल्या शोधात त्या येत नाहीत. त्यावर सोपा उपाय असा की मुक्त ज्ञानकोशात या वाद्याच्या पानावर जावे, तेथे कंसात दिलेले जपानी लिपीतील नाव जसेच्या तसे उचलावे आणि शोधपट्टीत डकवावे. भाषा येण्याची गरज नाही. हीच युक्ती उर्दू लिपीतील बेंजूसाठीही चालेल.

आता पेटी शिकलेल्या व्यक्तीला विशेष उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. जपानी मंडळी या वाद्यासाठी अंकलिपी वापरतात. बटणांवरच एक ते सात आकडे छापलेले असतात, वरच्या सप्तकासाठी आकड्याच्या वर टिंब आणि खालच्यासाठी खाली टिंब. म्हणजे आपली सारेगमच, फक्त आकड्यांत. एक म्हणजे सा, पाच म्हणजे प. मोकळी तार ही खालचा पाच असते, म्हणजे मंद्र पंचम, आणि तेथून वर चढत जायचे. वर्गातील बाईंनी मला दिलेला कागद मी घरी येऊन सरळ सरगममध्ये वाचून दाखवला तेव्हा बायकोला मी जपानी शिकलो असे वाटले. या अंकलिपीतील सोपी गाणी वाजवून हात बसवणे हा सुरुवातीचा चांगला मार्ग ठरेल.

फरक एवढा लक्षात ठेवावा की येथील वाद्यात तारा साधारणपणे एकाच स्वरात किंवा त्याच्याच खालच्या सप्तकात मिळवतात. सूर भरत राहणाऱ्या वेगळ्या तारा ही आपल्याकडची पद्धत आहे, त्यामुळे आपल्या तुटलेल्या दोन तारांबद्दल येथील कोणी काही सांगू शकणार नाही. मी विचारून पाहिले. बाईंनी अत्यंत नम्रपणे मान झुकवली आणि चहा दिला.

रानवारा

बेंजूबद्दल थोडी भर घालतो, कारण अक्षरवेल्हाळ यांनी त्याला एका वाक्यात उरकले आहे.

बलुची बेंजू आपल्या बुलबुलतरंगापेक्षा लांब असतो आणि त्याच्या सोबत दंबूरा हे तंतुवाद्य वाजते. मकरान किनाऱ्यावरील नूर बख्श हे वृद्ध वादक कित्येक वर्षे आपल्या परिसरातच वाजवत होते. दानियल अहमद या अभ्यासक-बासरीवादकांनी एका चित्रफितीवरून त्यांचा माग काढला, आणि २०२२ मध्ये नूर बख्श यांचा पहिला ध्वनिसंग्रह प्रकाशित झाल्यावर जगभरातील श्रोत्यांना बेंजू हे नाव कळले. त्यांच्या हाताचे वैशिष्ट्य असे की बटणांवरून मींड येत नाही ही उणीव वाटेनाशी होते. दोन लगतच्या बटणांवर बोटे इतकी वेगाने फिरतात की स्वर थरथरत सरकतो. खर्ज यांनी तेवढे एकदा ऐकावे ही विनंती.

सईताईंसाठी मुद्दा असा आहे की नूर बख्श यांच्या चित्रफितींखालच्या प्रतिक्रिया हा या वाद्याचा आज सर्वांत जिवंत अड्डा आहे. तेथे उर्दू, बलुची, इंग्रजी, जपानी सगळे एकत्र येते. दर दहा-वीस प्रतिक्रियांमागे एखादा माणूस लिहितो की माझ्या आजोबांकडे हे वाद्य होते, किंवा माझ्याकडे असे एक आहे आणि त्याचे अमुक बटण अडकते. अशा एकेकाला उत्तर देत गेलात तर तुम्हाला समूह शोधावा लागणार नाही. तो तुमच्याभोवती जमेल. मी रावणहत्था या गजाने वाजवायच्या लोकवाद्यासाठी हेच केले होते. सात महिन्यांत नऊ माणसे मिळाली. आकडा लहान वाटेल, पण त्या नऊंपैकी पाच जण रोज वाजवतात, आणि हजार सदस्यांच्या समूहातही एवढे निघत नाहीत.

जोडारी

मी वाद्ये दुरुस्त करतो, मुख्यतः गिटार आणि मँडोलिन, कधी कधी बेंजोही येतो. वर बरीच चर्चा झाली, परंतु दुरुस्तीचा प्रश्न कोणी हातात घेतला नाही, म्हणून लिहितो.

कमी चालणाऱ्या वाद्याच्या बाबतीत लोक एक चूक करतात. त्यांना सर्व प्रश्नांची उत्तरे एकाच समूहात हवी असतात आणि असा समूह नसतो. वाद्याचे भाग मनातल्या मनात सुटे करावेत आणि ज्या भागाचा प्रश्न असेल त्या भागाची माणसे गाठावीत. आपली गुणगुण हा बेंजोचा प्रश्नच नाही; पिकअपची आवरणतार सुटली असेल किंवा भूजोडणी (अर्थिंग) नसेल, आणि हे इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त करणारा कोणीही पाच मिनिटांत सांगेल. त्यांच्या समूहात 'बेंजो' हा शब्द न उच्चारता फक्त पिकअपचे छायाचित्र टाकावे. बटण वर न येणे म्हणजे खालची स्प्रिंग थकली आहे किंवा बटणाच्या दांड्याला गंज धरला आहे; तेथे जुनी टंकयंत्रे जपणारी मंडळी उपयोगी पडतात. थट्टा करत नाही. मी स्वतः एका बेंजोच्या स्प्रिंगा अशाच एका गृहस्थांच्या सल्ल्याने बसवल्या आहेत. तारांसाठी मँडोलिनवाले.

मात्र तारेबद्दल विचारताना मोघम विचारू नये. तुटलेल्या तारेचा तुकडा शिल्लक असेल तर स्क्रू गेजने तिची जाडी मोजावी, खुंटीपासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी लिहावी आणि टोकाला फासा आहे की गोळी आहे हे सांगावे. मँडोलिनच्या तारेला साधारणपणे फासा असतो, गिटारच्या तारेला गोळी. वाद्य पालथे घालून, उजव्या बाजूने, डाव्या बाजूने आणि बटणांची पट्टी काढता येत असल्यास आतून अशी छायाचित्रे घ्यावीत. शिल्लक तारा एकेक करून छेडून ध्वनिमुद्रण करावे. एवढे साहित्य घेऊन कोणत्याही समूहात गेलात तरी उत्तर मिळते, कारण उत्तर देणाऱ्याला आपल्याला उलट दहा प्रश्न विचारावे लागत नाहीत. 'माझा बेंजो बिघडला आहे, मदत करा' या वाक्याला मी स्वतः कधी उत्तर दिलेले नाही.

खर्ज

रानवारा यांच्या सांगण्यावरून नूर बख्श ऐकले. मींडेबद्दलचे माझे वाक्य मागे घेतो. राळेबद्दलचे कायम आहे.

सई_कोपरी

सर्वांना सविस्तर उत्तर देण्यास दीड महिना लागला याबद्दल दिलगीर आहे, परंतु मधल्या काळात सांगण्यासारखे बरेच घडले.

फिजीच्या वाटेने एक आजोबा भेटले. ते भजनांत 'मेंडोलिन' वाजवतात आणि त्यांची हिंदी मला निम्मी समजते. त्यांनी आपल्या वाद्याच्या तारा छेडून मला पाठवल्या. जपानी नाव डकवून शोधण्याची युक्ती तंतोतंत चालली आणि अंकलिपीतील दोन बालगीते आता मला वाजवता येतात. गुणगुण जोडारी म्हणाले त्याप्रमाणे भूजोडणीचीच होती. गिटारच्या समूहातील एका विद्यार्थ्याने छायाचित्रावर लाल बाण काढून सुटलेली तार दाखवली. टंकयंत्रवाल्यांकडे जाण्याचे धाडस अजून झालेले नाही.

एका गोष्टीत मात्र यश आले नाही. दुकानांच्या पानांखाली मी चार-पाच जणांना उत्तरे लिहिली, एकाचेही प्रत्युत्तर आले नाही. बहुधा ते वाद्य विकत घेऊन मोकळे झाले असावेत.

तारांचा प्रश्न सुटला तो लालबागच्या काकांमुळे. त्यांनी निरोपातून दिलेल्या क्रमांकावर मी पितृपक्षात फोन केला आणि सांगितल्याप्रमाणे आधी मामांचे नाव घेतले. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी विचारले, 'काळी दोनवाला?' मामा सगळे काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी षड्ज धरून) वाजवत आणि त्यावरून पार्टीत त्यांची चेष्टा होत असे, कारण गायकांना ती पट्टी चढ वाटे. त्यांनी पुढे सांगितले की इतर वादक बाजूच्या तारा षड्ज आणि पंचमात मिळवत. मामा मात्र एक तार षड्जात आणि दुसरी मध्यमात मिळवत, कारण त्यांची आवडती कोळीगीते मध्यमावर येऊन थांबत आणि तेथे पंचम वाजत राहिला तर त्यांना तो टोचत असे. हे त्यांच्याखेरीज इतर कोणत्याही समूहात मला कळले नसते, हे उघड आहे. परंतु षड्ज-मध्यम म्हणजे काय आणि तारेची जाडी किती हवी हे विचारण्याइतकी तयारी मात्र मला बाकी सर्वांनी करून दिली होती.

त्यांनी मला दिवाळीनंतर तालमीला बोलावले आहे. त्यांच्याकडे मामांच्या पार्टीची एक जुनी कॅसेट आहे. ती चालू स्थितीत असली तर डिजिटल करून, त्यांच्या संमतीने, ज्या चित्रफितींखाली मी प्रश्न विचारत फिरले तेथे दुवा देणार आहे.

शनिवारी तारा आणायला जात आहे. जोडारी, मध्यमाची तार षड्जाच्या तारेपेक्षा पातळ घ्यावी का?

जोडारी

होय, एक माप पातळ घ्या, अन्यथा चढवताना तुटेल. आणि जुन्या तारांचे तुकडे टाकून देऊ नका. दुकानात नेऊन काउंटरवर ठेवा आणि यापेक्षा एक माप पातळ, फासा असलेली, असे सांगा.

लालबागचा_जुना_गडी

कॅसेट कोणत्या वर्षाची आहे ते विचारा. नव्वद सालानंतरची असेल तर त्यात ताशा माझा आहे.